घटक ४ : स्थलांतरितांविषयीचा बदलता दृष्टिकोन – मुंबई ते वसई-विरार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई आणि वसई-विरार परिसरात स्थलांतरितांविषयीचा दृष्टिकोन कोणकोणत्या टप्प्यांनी बदलत गेला, हे सांगणे.
• या बदलामागील आर्थिक, भौगोलिक, राजकीय आणि भाषिक कारणे वेगवेगळी करून मांडणे.
• दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील अनुभवाशी या उदाहरणाची तुलना करणे.
• स्थलांतरितांसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा सामाजिक अर्थ उलगडणे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माणसे आपले गाव का सोडतात, या प्रश्नाचा विचार सामाजिक शास्त्रांत विस्ताराने केला जातो. दुष्काळ, शेतीतील तोटा, कर्ज, शिक्षणाची ओढ, शहरातील मजुरी ही त्याची परिचित उत्तरे आहेत. प्रस्तुत घटकात आपण दुसऱ्या बाजूने विचार करणार आहोत. माणसे ज्या गावात वा शहरात येतात, तेथील आधीच्या रहिवाशांचे त्यांच्याविषयी काय मत असते आणि ते मत काळानुसार का पालटते, हा या घटकाचा विषय आहे.

वसई-विरार परिसरात राहणाऱ्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटणार नाही. २००१ च्या जनगणनेच्या वेळी वसई तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती. २०११ मध्ये ती १३ लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक माणसांची भर केवळ जन्मामुळे पडत नाही. आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे या आकड्यात कोठेतरी सामावलेली असतील. काहींच्या वाडवडिलांची येथे वाडी होती, तर काहींनी येथे पहिले घर भाड्याने घेतले.

'फार माणसे आली की स्थानिक लोक नाराज होतात', असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे. परंतु ते पुरेसे नाही. नाराजी केव्हा निर्माण होते, ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणत्या शब्दांत व्यक्त होते, हे केवळ संख्येवरून सांगता येत नाही. काम, घर, जमीन-पाणी, राजकीय संघटन आणि 'आपली माणसे' या कल्पनेची त्या त्या काळातील व्याप्ती यांवर ते ठरते. हे विधान पुढील विवेचनात उदाहरणांच्या आधारे तपासून पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पूर्वपीठिका : 'स्थानिक' कोण?

स्थलांतराची चर्चा सुरू करण्यापूर्वी 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. आजच्या नालासोपाऱ्यातील सोपारा हे प्राचीन काळातील प्रसिद्ध बंदर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखाचा अंशही येथेच सापडला. व्यापारी, भिक्षू आणि खलाशी यांची ये-जा या किनाऱ्याला नवी नव्हती. उत्तर कोकणातील अनेक समाज आपले पूर्वज बिंब राजाबरोबर येथे आले, अशी परंपरा सांगतात. वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेल्या 'महिकावतीची बखर' या ग्रंथात अशा वसाहतीचे वर्णन आढळते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत येथील समाजजीवनात ख्रिस्ती धर्माची भर पडली. भाषा मात्र सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोलींच्या रूपाने मराठीच राहिली.

आज ज्यांना आपण वसईचे मूळ रहिवासी मानतो, त्यांपैकी काही समाज स्वतःच्या स्मृतीनुसारही एकेकाळी बाहेरून आलेले आहेत. तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात राहणारे वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचा या भूमीवरील हक्क तर अधिक जुना आहे. म्हणून 'स्थानिक' ही ओळख निसर्गाने दिलेली नसून काळाच्या ओघात घडलेली असते, हे सूत्र आपण ध्यानात ठेवू.

४.३.२ फाळणीपासून महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंत

वसईचा इतिहास मुंबईपासून वेगळा करता येत नाही. म्हणून आधी मुंबईकडे वळू. १९४१ ते १९५१ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १८ लाखांवरून ३० लाखांच्या घरात पोहोचली. फाळणीनंतर सिंध आणि पंजाबमधून आलेल्या निर्वासितांचा त्यात मोठा वाटा होता. कल्याणजवळील लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून पुढे उल्हासनगर उभे राहिले. एवढा मोठा लोंढा येऊनही या काळात स्थलांतरितांविरोधी व्यापक चळवळ मुंबईत उभी राहिली नाही. नव्या राष्ट्राच्या उभारणीचा काळ होता आणि निर्वासितांचे पुनर्वसन हे राष्ट्रीय कर्तव्य मानले जात होते.

याच काळात भारतीय राज्यघटना अमलात आली. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भारतात कोठेही संचार करण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. सरकारी नोकरीत जन्मस्थानाच्या कारणावरून भेदभाव करण्यास अनुच्छेद १६ ने मनाई केली. म्हणजे बिहार वा केरळमधून मुंबईत येणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने परका नाही. देशांतर्गत स्थलांतर आणि एका देशातून दुसऱ्या देशात होणारे स्थलांतर यांतील हा मूलभूत फरक आहे.

मुंबईतील मराठी माणूसही बहुधा स्थलांतरितच होता. १९६१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील जवळजवळ दोन तृतीयांश रहिवासी मुंबईबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेले गिरणी कामगार, गोदी कामगार आणि घरगडी यांचे हे शहर होते. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. गावी पत्नीला ठेवून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह आणि मुंबईवरील मराठी भाषकांचा हक्क या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र येतात. स्थलांतरिताची व्यथा आणि भूमीवरचा दावा यांत तेव्हा विसंगती वाटत नव्हती.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राज्याची सीमा भाषेच्या आधारे आखली गेली. त्यामुळे रत्नागिरीहून आलेला माणूस 'आपल्या' राज्यात आलेला ठरला, तर मंगळूर वा मद्रासहून आलेला दुसऱ्या राज्यातून आलेला ठरला. माणसांची हालचाल पूर्वीसारखीच चालू होती. तिच्याकडे पाहण्याची चौकट मात्र बदलली.

४.३.३ नोकरीचा प्रश्न आणि १९६६ नंतरचे वळण

राज्यस्थापनेनंतर सुशिक्षित मराठी तरुणांच्या अपेक्षा वाढल्या होत्या. राज्य आपले, राजधानी आपली, तर कार्यालयांतील नोकऱ्याही आपल्याला मिळाव्यात, ही भावना स्वाभाविक होती. प्रत्यक्षात १९६१ मध्ये बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्केच होते आणि खासगी कंपन्यांतील कारकुनी, टंकलेखन व लघुलेखनाच्या जागांवर दक्षिण भारतीय उमेदवार मोठ्या संख्येने दिसत होते. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने कार्यालयांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून या असंतोषाला वाचा फोडली. १९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेनेची स्थापना केली.

येथे आपल्या विधानाची पहिली कसोटी लागते. नाराजी जर केवळ संख्येवरून ठरत असती, तर ती सर्वप्रथम गुजराती भाषकांच्या वाट्याला यायला हवी होती. १९६१ मध्ये मुंबईत त्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. दक्षिणेकडील चार प्रमुख भाषा बोलणारे सगळे मिळून दहा टक्क्यांहूनही कमी होते. तरीही प्रारंभीच्या काळात रोष दाक्षिणात्यांवर होता. गुजराती समाज प्रामुख्याने व्यापारात होता. तेथे मराठी तरुणाची त्याच्याशी थेट स्पर्धा नव्हती. कारकुनाच्या खुर्चीसाठी मात्र मराठी पदवीधर आणि दाक्षिणात्य पदवीधर एकाच रांगेत उभे होते. म्हणजे स्पर्धा कोणत्या कामासाठी आहे, यावर नाराजीची दिशा ठरली.

दुसरी बाब राजकीय संघटनाची. असंतोष समाजात विखुरलेला असतो. त्याला नाव, लक्ष्य आणि मागणी मिळाल्यावरच तो धोरणापर्यंत पोहोचतो. उद्योगांनी नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य द्यावे, अशा सूचना राज्य शासनाने १९६८ पासून काढल्या. दीर्घकाळ महाराष्ट्रात वास्तव्य असणाऱ्यांना त्यांत स्थानिक मानले गेले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) भारतात कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कोणत्या अनुच्छेदाने दिले आहे?
(आ) १९६० च्या दशकात मुंबईतील रोष गुजराती भाषकांऐवजी दाक्षिणात्यांवर का होता?

४.३.४ वसई : जमीन, पाणी आणि आराखडा

आता वसईकडे येऊ. विरार ते मुंबई ही रेल्वेसेवा १८६७ मध्येच सुरू झाली होती आणि १९३६ मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. तरीही पुढील अनेक दशके वसईचा पश्चिम पट्टा शेतीप्रधान राहिला. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या गावांतील केळी, विड्याची पाने, भाजीपाला आणि फुले गाडीने मुंबईच्या बाजारात जात. विहिरी आणि बावखले यांवर ही बागायत उभी होती. मुंबई ही वसईसाठी बाजारपेठ होती, आणि वसईचे लोक संध्याकाळी घरी परतत.

१९७० आणि १९८० च्या दशकांत हे नाते उलटले. मुंबईतील घरांच्या किमती नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. संपानंतर अनेकांचा रोजगार कायमचा गेला. गिरणगावातील खोली विकून वा सोडून कित्येक कुटुंबांनी नालासोपारा, विरार, वसई येथे स्वस्त घरे घेतली. वसईत आलेल्या नवागतांमध्ये कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांची संख्या मोठी होती, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईतील हिरव्या पट्ट्यावर मोठ्या प्रमाणावर नागरीकरणाचे सावट आले. त्याला विरोध करण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारले. १९९० मध्ये शासनाने या भागासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. शेतजमिनींचे बिगरशेतीकरण, विहिरींतून टँकरद्वारे होणारा बेसुमार उपसा आणि त्यामुळे गोड्या पाण्यात शिरणारे खारे पाणी हे आंदोलनाचे विषय होते. त्यात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र आले.

या आंदोलनाचा रोख लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. मुंबईत १९६६ नंतर निर्माण झालेला प्रश्न भाषेच्या परिभाषेत मांडला गेला होता. वसईत मात्र मराठी शेतकरी ज्या लोकवस्तीमुळे अस्वस्थ झाला होता, त्या वस्तीत मराठी माणसेही होती. भाषेची रेषा येथे उपयोगी पडत नव्हती. म्हणून प्रश्न 'माणसे कोण आहेत' असा न राहता 'जमीन कोणासाठी आणि पाणी कोणाचे' असा झाला, आणि विरोधाचे लक्ष्य प्रामुख्याने इमारतीत राहायला येणारे कुटुंब नसून बांधकाम व्यावसायिक आणि नियोजनाचा आराखडा हे ठरले.

हाच धागा पुढेही दिसतो. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. अनेक गावांनी महापालिकेत समाविष्ट होण्यास विरोध केला. गावे वगळण्याची मागणी, त्यासाठीची आंदोलने आणि २९ गावांसंबंधीचा न्यायालयीन वाद दीर्घकाळ चालला. ग्रामपंचायत गेली की जमिनीवरचा आपला निर्णयाधिकारही जाईल, ही ग्रामस्थांची भीती होती. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून रेल्वे ठप्प झाली आणि वसई-विरारमधील अनेक वस्त्या जलमय झाल्या. त्या वेळी पाण्याचे नैसर्गिक मार्ग बुजवल्याचा जुना मुद्दा पुन्हा चर्चेत आला. इमारतीत नव्याने आलेला रहिवासी आणि वाडीतला जुना रहिवासी दोघेही तेव्हा एकाच पाण्यात उभे होते.

४.३.५ लक्ष्याचे स्थित्यंतर : उत्तर भारतीय स्थलांतरित

१९९० नंतर मुंबई परिसराच्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप बदलले. गिरण्यांतील कायम नोकरी कमी झाली आणि बांधकाम, रिक्षा-टॅक्सी, फेरीवाल्यांचा व्यवसाय, सुरक्षारक्षक, लहान कारखाने यांतील असंघटित काम वाढले. या कामांसाठी उत्तर प्रदेश आणि बिहारमधून तरुण येऊ लागले. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत आणि नालासोपारा पूर्वेतील चाळींत त्यांची मोठी वस्ती झाली.

याबरोबर नाराजीचे लक्ष्यही बदलले. दाक्षिणात्य कारकुनाविषयीचा रोष एव्हाना ओसरला होता. तो समाज शहरात मुरला होता आणि कार्यालयीन नोकऱ्यांत मराठी माणसांचे प्रमाणही वाढले होते. आता स्पर्धा रिक्षाच्या परवान्यासाठी, रेल्वेतील भरतीसाठी आणि बाजारातील जागेसाठी होती. मुंबई-वसई पट्ट्यातील कोळी महिलांनी बाहेरून आलेल्या मासळी-विक्रेत्यांविरुद्ध वेळोवेळी तक्रारी केल्या, त्या याच स्वरूपाच्या होत्या. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने हा विषय पुढे आणला. २००८ मध्ये फेरीवाले, टॅक्सीचालक आणि रेल्वेच्या परीक्षेसाठी आलेले उत्तर भारतीय उमेदवार यांना मारहाण होण्याच्या घटना घडल्या.

२०२० च्या टाळेबंदीने या नात्याची दुसरी बाजू दाखवली. मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्यांसाठी वसईतील सनसिटी मैदानावर हजारो मजूर गावी जाण्यासाठी जमले. काम बंद, भाडे थकलेले आणि शिधापत्रिका दूरच्या गावातली, अशी त्यांची अवस्था होती. याच काळात अनेक स्थानिक संस्था आणि नागरिकांनी अन्नवाटप केले. निर्बंध सैल झाल्यावर कामगारांअभावी कारखाने आणि बांधकामे खोळंबली, तेव्हा हेच कामगार परत येण्याची वाट पाहिली जाऊ लागली. ज्याच्या येण्याविषयी तक्रार असते, त्याच्याच श्रमावर दैनंदिन व्यवहार अवलंबून असतो, ही बाब संकटकाळात उघड झाली.

या चर्चेत पूर्व वसईतील आदिवासींचा विसर पडू नये. स्वतःच्याच तालुक्यात ते वीटभट्टीवर वा मजूर नाक्यावर काम शोधत राहिले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने त्यांच्या वेठबिगारीचा प्रश्न हाती घेतला. तेथील वेठबिगार ज्यांच्याकडे राबत होते, ते मालक बहुधा याच परिसरातले होते. 'भूमिपुत्र' या शब्दाच्या छायेत सर्वांचे हितसंबंध एकसारखे नसतात, याचे हे उदाहरण होय.

४.३.६ तुलनात्मक उदाहरण : महायुद्धोत्तर अमेरिका

आपण काढलेले निष्कर्ष केवळ मुंबई-वसईपुरते आहेत की अन्यत्रही लागू पडतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील स्थलांतर देशाबाहेरून होते. त्यामुळे कायद्याची चौकट वेगळी आहे. तरीही दृष्टिकोन बदलण्याच्या प्रक्रियेत काही साम्ये आढळतात.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय कोटा ठरवून दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांचे प्रमाण घटवले आणि आशियाई लोकांना जवळजवळ दार बंद केले. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होता. त्यामुळे १९४३ मध्ये चिनी लोकांवरील बंदी उठवण्यात आली. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व मिळवण्याचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. संख्या नाममात्र होती. परंतु वंशाच्या आधारे लोकांना नाकारणारे राष्ट्र जगाचे नेतृत्व करू शकत नाही, याची जाणीव त्यातून दिसते. शीतयुद्ध आणि कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ यांनी ही जाणीव तीव्र केली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत संपली. महाराष्ट्रातून डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले ते या कायद्यानंतरच. त्यांच्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले.

पुढील काळातील जनमत बोलके आहे. गॅलप संस्थेच्या पाहण्यांनुसार १९६५ मध्ये सुमारे एक तृतीयांश अमेरिकनांना स्थलांतर कमी व्हावे असे वाटत होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश झाले. २०२० मध्ये ते २८ टक्क्यांवर उतरले आणि २०२४ मध्ये पुन्हा ५५ टक्क्यांवर गेले. याच काळात परदेशात जन्मलेल्या रहिवाशांचे प्रमाण १९७० मधील पाच टक्क्यांहून कमी पातळीवरून सतत वाढत गेले. ते २०२० च्या सुमारास १३ टक्क्यांच्या पुढे होते. प्रमाण एकाच दिशेने वाढले. मत मात्र वर-खाली होत राहिले. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात मंदी होती आणि शीतयुद्ध संपल्यामुळे तेथील संरक्षण उद्योगातील नोकऱ्या गेल्या होत्या. त्याच राज्यात १९९४ मध्ये अवैध स्थलांतरितांच्या सार्वजनिक सेवा तोडण्याचा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला; न्यायालयांनी पुढे त्याची अंमलबजावणी रोखली. संख्या आणि मत यांचे नाते सरळ नसते, हे यावरून स्पष्ट होते.

४.३.७ कारणांची एकत्रित मांडणी

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून दृष्टिकोन बदलण्याची पाच कारणे सांगता येतात.

(१) कामातील स्पर्धा : ज्या कामासाठी स्थानिक आणि नवागत एकाच रांगेत उभे असतात, तेथे नाराजी निर्माण होते. काम बदलले की लक्ष्यही बदलते. मुंबईतील दाक्षिणात्य कारकून आणि नंतरचा उत्तर भारतीय रिक्षाचालक ही याची उदाहरणे आहेत.

(२) सामायिक साधनांवरील ताण : जमीन, पाणी, रेल्वेतील जागा, सांडपाण्याची व्यवस्था ही साधने मर्यादित असतात. त्यांचे नियोजन लोकसंख्येच्या मागे पडले की दोष सहजपणे नव्या रहिवाशाला दिला जातो. वसईच्या हरित आंदोलनाने हा दोष नियोजनाकडे वळवला, हे त्याचे वेगळेपण होय.

(३) 'आपण' या कल्पनेची सीमा : राज्याची सीमा, भाषा आणि राष्ट्राची स्वतःविषयीची प्रतिमा बदलली की परका कोण, हेही बदलते. १९६० मधील राज्यस्थापना आणि अमेरिकेतील १९६५ चा कायदा या दोन्हींत हे घडले. पहिल्यात एक नवी सीमा आखली गेली, तर दुसऱ्यात एक जुनी सीमा पुसली गेली.

(४) राजकीय संघटन आणि माध्यमे : असंतोषाला कोण शब्द देतो, यावर त्याची दिशा अवलंबून असते. 'मार्मिक'मधील याद्या आणि वसईतील पाण्याचे आंदोलन या दोन्हींच्या मुळाशी खरी अडचण होती. तिचे उत्तर मात्र दोघांनी वेगवेगळे शोधले.

(५) परिचय आणि परस्परावलंबन : सहवास वाढला, पुढील पिढी एका शाळेत शिकली, एकमेकांच्या श्रमाची गरज पटली की दृष्टिकोन सौम्य होतो. मात्र ही प्रक्रिया आपोआप होत नाही आणि आर्थिक संकटात ती उलटूही शकते.

४.३.८ शब्दांतून दिसणारा दृष्टिकोन

मराठीच्या अभ्यासकाने या विषयाकडे भाषेच्या अंगानेही पाहिले पाहिजे. एकाच क्रियेसाठी आपण किती वेगवेगळे शब्द वापरतो, ते पाहा. कोकणातून मुंबईत गेलेला माणूस गावाच्या दृष्टीने 'चाकरमानी' असतो. या शब्दात आपुलकी आणि अभिमान आहे. फाळणीनंतर आलेला 'निर्वासित' झाला. त्या शब्दात दया आणि कर्तव्य आहे. दुसऱ्या राज्यातून आलेला 'परप्रांतीय' ठरला. ब्रिटिश काळातील प्रांत जाऊन घटकराज्ये आली, तरी हा शब्द टिकून राहिला आणि त्याला राजकीय धार चढली. आखातात वा अमेरिकेत गेलेल्या आपल्या नातलगाला मात्र आपण 'परदेशस्थ' किंवा 'अनिवासी' म्हणतो. वसईच्या अनेक कुटुंबांतील मुले आज परदेशी नोकरीत आहेत. त्या देशातील लोक त्यांना कोणत्या शब्दाने ओळखत असतील, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

लक्ष्मण माने यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे शीर्षक 'उपरा' असे आहे. त्यातील उपरेपण कैकाडी समाजात जन्मलेल्या, महाराष्ट्रातच वाढलेल्या माणसाचे आहे. बाहेरून न येताही समाज एखाद्याला बाहेरचा ठरवू शकतो, हे या एका शब्दाने मराठी वाचकासमोर आणले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) हरित वसई आंदोलनाचा रोख प्रामुख्याने कशावर होता?
(आ) अमेरिकेतील पाहण्यांवरून संख्या आणि जनमत यांच्या संबंधाविषयी कोणता निष्कर्ष निघतो?

४.४ सारांश

स्थलांतरितांविषयीचा दृष्टिकोन स्थिर नसतो. फाळणीनंतरच्या मुंबईत मोठा लोंढा येऊनही व्यापक विरोध झाला नाही, तर १९६६ नंतर तुलनेने लहान असलेल्या दाक्षिणात्य समाजाविरुद्ध चळवळ उभी राहिली. वसईत १९८० च्या दशकात आलेल्यांमध्ये मराठी भाषकही बहुसंख्येने असल्याने तेथील प्रश्न जमीन, पाणी आणि नियोजन या स्वरूपात पुढे आला. १९९० नंतर असंघटित कामातील स्पर्धेमुळे उत्तर भारतीय स्थलांतरित नाराजीचे लक्ष्य बनले. महायुद्धोत्तर अमेरिकेतही जनमत केवळ संख्येनुसार बदलले नाही. म्हणून स्थलांतरितांविषयी तक्रार ऐकली की तिच्यामागील अडचण नेमकी कोणती आहे आणि ती दूर करण्याची जबाबदारी कोणाची आहे, हे आधी वेगळे करून पाहावे. स्थानिकांची अडचण खरी असू शकते आणि तिचे खापर चुकीच्या माणसावर फुटलेले असू शकते; अभ्यासकाने या दोन्ही शक्यता एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात.

४.५ पारिभाषिक शब्द

स्थलांतर : वास्तव्याचे ठिकाण दीर्घकाळासाठी वा कायमचे बदलणे.
भूमिपुत्र : एखाद्या प्रदेशावर जन्माने वा परंपरेने हक्क सांगणारा.
असंघटित काम : कायम नोकरी, निश्चित वेतन आणि कायदेशीर संरक्षण नसलेले काम.
बावखल : वसई परिसरातील शेतीसाठी वापरले जाणारे गोड्या पाण्याचे तळे.
बिगरशेतीकरण : शेतजमिनीचा वापर निवासी, औद्योगिक वा अन्य कारणासाठी बदलणे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) अनुच्छेद १९. (आ) गुजराती समाज प्रामुख्याने व्यापारात होता. कार्यालयीन नोकऱ्यांसाठी मराठी सुशिक्षितांची थेट स्पर्धा दाक्षिणात्यांशी होती.
प्रश्न २ : (अ) शेतजमिनींचे बिगरशेतीकरण, पाण्याचा उपसा आणि नागरीकरणाचा आराखडा यांवर. (आ) परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण सतत वाढत असतानाही जनमत वर-खाली झाले. म्हणजे केवळ संख्येवरून जनमत ठरत नाही.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) मुंबईत १९६६ नंतर उभा राहिलेला प्रश्न आणि वसईतील हरित आंदोलन यांची तुलना करा.
(२) 'स्थानिक ही ओळख काळाच्या ओघात घडते', या विधानाची वसईच्या इतिहासाच्या आधारे चर्चा करा.
(३) टीप लिहा : (अ) अमेरिकेतील १९६५ चा स्थलांतरविषयक कायदा (आ) गिरणी संप आणि वसई-विरारमधील वस्ती.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या इमारतीतील, चाळीतील वा पाड्यातील तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या व्यक्तींशी बोला. त्यांचे कुटुंब येथे केव्हा व का आले, आल्यावर त्यांना कोणत्या नावाने ओळखले गेले आणि आज ते स्वतः नव्याने येणाऱ्यांसाठी कोणता शब्द वापरतात, याची नोंद करा. व्यक्तींची नावे न देता सुमारे ५०० शब्दांचा अहवाल लिहा. घटकात सांगितलेल्या पाच कारणांपैकी कोणती कारणे आपल्या नोंदींतून दिसतात आणि कोणते कारण त्यांत न बसणारे, नवे आढळते, हे अहवालाच्या शेवटी स्वतंत्र परिच्छेदात मांडा.